खोलीची पैमाईश



'इंटिरिअर डिझाइन' हे शब्द ऐकले की तुमच्या डोळ्यांसमोर काय येते? मी हा प्रश्न एकदा नववीच्या वर्गात विचारला. कोणी झुंबर म्हणाले, कोणी गालिचा, कोणी सिनेमातला मोठा जिना. शेवटच्या बाकावरचा एक मुलगा उठून म्हणाला, "टीचर, ते बंगलेवाल्यांचे काम. आमच्या घरी तर पाय पसरायला जागा नाही." सारा वर्ग हसला. मला मात्र वाटले, या विषयाची सर्वांत जास्त गरज याच मुलाला आहे. ज्याच्याकडे दहा खोल्या आहेत, त्याची एखादी चूक दहा खोल्यांत लपून जाते. ज्याच्याकडे एकच खोली आहे, त्याला आपल्या चुकीबरोबर रोज राहावे लागते.

अशी एक चूक आमच्या घरात आहे. ती मीच केली आहे.

मी शिक्षिका झाले तेव्हा पहिल्या वर्षाच्या पगारातून पैसे साठवून एक लाकडी कपाट विकत घेतले. तीन फूट रुंद, दोन दारांचे. दुकानात ते फार सुंदर दिसत होते. घरी ज्या भिंतीला ते लावायचे होते, ती भिंत मी मोजली होती. तिथे सव्वातीन फूट जागा होती. कपाट बरोबर बसले आणि मी खूश झाले. मग कपडे ठेवायला दारे उघडली. डावे दार उघडले. उजवे दार अर्धवट उघडले आणि खाटेच्या पायाला धडकून थांबले. दार दीड फूट रुंद होते आणि त्याच्यापुढे खाटेपर्यंत जागा होती जेमतेम अकरा इंच. मी कपाट मोजले होते. उघडलेले कपाट मोजले नव्हते. अम्मी म्हणाली, "तू कपाट पाहून आलीस, पण कपाटाला आपले घर दाखवले होतेस का?"

नऊ वर्षे आम्ही त्या अर्ध्या दारातून हात घालून कपडे काढत होतो.

तेव्हा या विद्येचा पहिला धडा हाच. घरात काहीही आणण्याआधी घर मोजायचे. उर्दूत आपण याला पैमाइश म्हणतो. हा शब्द मराठीलाही परका नाही. जमिनीच्या मोजणीसाठी जुन्या मराठीत तो 'पैमाश' असा वापरला जाई. घराविषयी बोलताना आपल्या दोन्ही भाषा किती जवळ येतात पाहा. दरवाजा, पडदा, गालिचा, दिवाणखाना हे शब्द जसेच्या तसे दोन्हीकडे आहेत. आपली कुर्सी मराठीत खुर्ची झाली आणि मंज़िल झाली मजला. म्हणून हा धडा वाचताना तुम्हांला शब्दांची फार अडचण पडू नये.

आता एक मोजपट्टी घ्या. शिंप्याची कापडी पट्टी चालेल, पण ती वापरून वापरून थोडी ताणलेली असते. सुताराची लोखंडी टेप मिळाली तर उत्तम. खोलीची लांबी, रुंदी, उंची लिहा. दरवाजाची रुंदी लिहा आणि तो कोणत्या बाजूला उघडतो तेही लिहा. खिडकी जमिनीपासून किती उंचीवर सुरू होते? विजेची बटणे कुठे आहेत? नळ कुठे आहे? छताखाली तुळई आली आहे का? हे सारे कागदावर आले पाहिजे. लक्षात आहे असे म्हणू नका. मलाही लक्षात होते.

आणखी एक गंमत करून पाहा. खोलीच्या कोपऱ्यापासून एका भिंतीवर ३ फुटांवर खूण करा. दुसऱ्या भिंतीवर ४ फुटांवर खूण करा. दोन खुणांमधले सरळ अंतर मोजा. ते बरोबर ५ फूट भरले तर कोपरा काटकोनात आहे. जास्त भरले तर तो विशालकोन आहे, कमी भरले तर लघुकोन. हे पायथागोरसचे प्रमेय आहे. सुतार आणि गवंडी ते रोज वापरतात, मग त्यांनी भूमितीचे पुस्तक उघडलेले असो वा नसो. जुन्या घरांत कोपरे क्वचितच अगदी काटकोनात असतात. म्हणूनच भिंतीला लावलेल्या फळीच्या एका टोकाला फट राहते आणि आपण बिचाऱ्या सुताराला दोष देतो.

मोजमापे झाली की चौकटींची वही काढा. एक चौकट म्हणजे सहा इंच असे धरा. दहा फूट बाय बारा फुटांची खोली या वहीत २० चौकटी बाय २४ चौकटींची होईल. यालाच प्रमाण धरून नकाशा काढणे म्हणतात. मग दुसऱ्या कागदावर त्याच प्रमाणात खाट, कपाट, मेज यांचे तुकडे कापा. ते नकाशावर ठेवा, फिरवा, उचला. खरी खाट सरकवायला चार माणसे लागतात, कागदी खाट एका बोटाने सरकते. चूक करायची तर ती कागदावर करावी, तिथे ती फुकट होते.

आता आमच्याच खोलीचा हिशेब सांगते. मी शाळेत होते तेव्हा आम्ही सहा जण त्या खोलीत राहत होतो. खोली दहा बाय बारा, म्हणजे १२० चौरस फूट. खाट साडेसहा बाय तीन, म्हणजे साडेएकोणीस. कपडे आणि गोधड्या ठेवायची मांडणी साडेचार. स्वयंपाकाचा ओटा पाच बाय दोन, म्हणजे दहा. मोरी तीन बाय तीन, म्हणजे नऊ. एकूण झाले ४३. उरले ७७ चौरस फूट. बरेच उरले असे वाटते ना? पण रात्र होऊ द्या. खाटेवर दादी झोपायची. बाकीचे पाच जण जमिनीवर. एका गादीला सहा बाय दोन, म्हणजे बारा चौरस फूट. पाच गाद्यांना ६०. राहिले सतरा, आणि तेही एका जागी नाहीत; थोडे दरवाजाजवळ, थोडे मोरीपुढे.

त्या वर्षी माझी आपा दहावीत होती. तिला अभ्यासाला मेज हवे होते. अब्बांनी तीन बाय दोनचे एक जुने मेज पाहूनही ठेवले होते. सहा चौरस फूट. ते आणले असते तर पाचवी गादी दरवाजाला टेकली असती आणि पहाटे कामावर निघताना अब्बांना कोणाच्या तरी पायावरून जावे लागले असते. मेज आले नाही. आपाने ते वर्ष चाळीच्या जिन्यात, दिव्याखाली बसून काढले. येणारा-जाणारा म्हणायचा, "बेटी, जरा सरक." ती सरकायची आणि पुन्हा वाचू लागायची. ती पास झाली, पण गणितात तिला हवे होते तेवढे गुण मिळाले नाहीत. जिन्यात बसून भूमितीची आकृती काढता येत नाही, असे ती आजही म्हणते.

आज मला वाटते, सहा चौरस फूट मेज आणण्याऐवजी भिंतीला बिजागरीने एक फळी लावता आली असती. दिवसा फळी आडवी करायची, खाली टेकू द्यायचा. रात्री ती भिंतीला मिटवायची. मिटलेली फळी दोन-तीन इंचांपेक्षा जास्त जागा घेत नाही. म्हणजे दिवसा मेज आणि रात्री गादी, दोन्ही एकाच जागेवर. हे कोणाला सुचले नाही, कारण आमच्यापैकी कोणी खोली कागदावर पाहिलेलीच नव्हती. मिटणारी वस्तू मात्र रोज आमच्या डोळ्यांसमोर होती. कुराणशरीफ ठेवण्याची रिहल तुम्ही सर्वांनी पाहिली आहे. चांगली रिहल एकाच फळीतून कोरलेली असते. तिला खिळा नसतो, वेगळी बिजागरी नसते. लाकडाचीच बोटे एकमेकांत अडकवून सांधा केलेला असतो. उघडली की पुस्तक पेलते, मिटली की पुन्हा सपाट फळी होते. आता रिहल हातात घ्याल तेव्हा तो सांधा जरा निरखून पाहा.

खोलीनंतर माणूस मोजायचा. हे बऱ्याच जणांना ठाऊक नसते. मेज सुमारे ७५ सेंटिमीटर उंच आणि खुर्चीची बैठक सुमारे ४५ सेंटिमीटर उंच का असते? कारण बसल्यावर पाय जमिनीला टेकले पाहिजेत आणि कोपर मेजाच्या पातळीला आले पाहिजे. जमिनीवर मांडी घालून लिहायचे असेल तर मुनीमजींच्या डेस्कसारखे, एक फुटाच्या आसपास उंचीचे डेस्क पुरते. गादीवर वाकून लिहिण्यापेक्षा ते पाठीला कितीतरी बरे. दोन वस्तूंच्या मधून एका माणसाला नीट चालता यावे म्हणून अडीच ते तीन फूट वाट हवी. दोन फुटांतूनही जाता येते, पण हातात गरम भांडे असेल तर जाऊ नये.

स्वयंपाकाच्या ओट्याचेही तसेच. उभे राहून काम करताना ओटा कोपरापेक्षा दहा ते पंधरा सेंटिमीटर खाली असावा. आमचा ओटा ३४ इंचांचा आहे आणि अम्मी चार फूट दहा इंच उंच. गवंड्याने ओटा बांधला तेव्हा तिला कोणी ओट्यापुढे उभे करून पाहिले नाही. ती पाटावर उभी राहून भाजी परतते. त्या पाटाला आम्ही सर्वांनी कधी ना कधी ठेच खाल्ली आहे. तुमच्या घरी ओटा बांधायचा असेल तर कृपा करून जी त्यावर काम करणार आहे तिचे कोपर आधी मोजा.

माणसाला मोजून खोली घडवण्याचे एक मोठे उदाहरण जर्मनीत घडले. पहिल्या महायुद्धानंतर तिथल्या शहरांत घरांची फार टंचाई होती. फ्रँकफर्ट शहराने कामगारांसाठी हजारो छोटी घरे बांधायला घेतली. त्या कामाचे प्रमुख होते अर्न्स्ट माय. घरातील स्वयंपाकघर आखण्याचे काम मार्गारेटे लिहोत्स्की या तरुणीकडे आले. लग्नानंतर ती श्युटे-लिहोत्स्की झाली. तिचा जन्म १८९७ मधला, व्हिएन्नाचा. ऑस्ट्रियातील पहिल्या स्त्री-वास्तुविशारदांपैकी ती एक. ती स्वतः स्वयंपाक करत नव्हती, हे तिनेच पुढे सांगितले आहे. मग तिने काय केले? स्वयंपाक करताना बाई किती पावले चालते, कोणत्या कामाला किती वेळ लागतो, याचा तिने घड्याळ लावून अभ्यास केला. आगगाडीच्या भोजनाच्या डब्यातील चिंचोळे स्वयंपाकघरही तिच्यापुढे होते. तिथे हात लांब केला की वस्तू मिळते, चालावे लागत नाही.

१९२६ मध्ये तिने आखलेले स्वयंपाकघर सुमारे १.९ मीटर रुंद आणि ३.४ मीटर लांब होते. इस्त्रीची फळी भिंतीला मिटत असे. दिवा छताला लावलेल्या पट्टीवरून पुढे-मागे सरकवता येई. डाळ-तांदळासारख्या कोरड्या जिनसांसाठी ओतायला चोच असलेले ॲल्युमिनिअमचे खण होते. पीठ मात्र ओकच्या लाकडी खणात, कारण त्यात अळी होत नाही असे मानले जाई. बसून काम करता यावे म्हणून वरखाली होणारे स्टूल होते. आणि दरवाजा? तो सरकता होता. उघडताना तो कोणाच्या पायाला लागत नव्हता. हे वाचले तेव्हा मला माझे कपाट आठवले! अशी सुमारे १०,००० स्वयंपाकघरे फ्रँकफर्टमध्ये बसवली गेली.

तिच्यावर टीकाही झाली आणि ती मला पटते. त्या स्वयंपाकघरात एकच बाई उभी राहू शकते. आपल्याकडे एक पोळ्या लाटते, दुसरी भाजते, तिसरी मुलाला भरवते. शिवाय ते साडेसहा चौरस मीटरचे होते, म्हणजे सुमारे ७० चौरस फूट. त्याच दशकात, १९२० नंतर, मुंबईत बीडीडी चाळी उभ्या राहिल्या. त्यांच्या खोल्या सुमारे १६० चौरस फुटांच्या. तिकडे जेवढ्या जागेत एका घराचे फक्त स्वयंपाकघर होते, त्याच्या जेमतेम सव्वादोन पट जागेत इकडे एक पुरे कुटुंब राहत होते. म्हणून तिचा नकाशा आपल्याला जसाच्या तसा उचलता येणार नाही. पावले मोजण्याची तिची रीत मात्र उचलता येईल. एक दिवस आपल्या अम्मीची पावले मोजून पाहा. ओट्यापासून पाण्याच्या पिंपापर्यंत किती वेळा जावे लागते? ते पिंप सरकवता येईल का?

आता उजेडाचे पाहू. उजव्या हाताने लिहिणाऱ्याने उजेड डावीकडून घ्यावा, म्हणजे हाताची सावली लेखणीच्या टोकावर पडत नाही. मुले मला विचारतात, "टीचर, उर्दू उजवीकडून लिहितात, मग उजेडही उलटा घ्यायचा का?" नाही. सावली लिपीची नसते, हाताची असते. उर्दू असो वा मराठी, उजव्या हाताला डावा उजेडच बरा. डावखुऱ्यांनी मात्र उजवीकडून घ्यावा. दिव्याविषयी विज्ञानातला एक नियम आठवा: दिव्यापासूनचे अंतर दुप्पट झाले की त्याचा थेट उजेड चौथाई होतो. छताचा दिवा पुस्तकापासून सहा फुटांवर असेल आणि तसाच दिवा तीन फुटांवर आणला, तर पुस्तकावर चौपट उजेड पडेल. म्हणून मोठा दिवा घेण्याआधी दिवा जवळ आणून पाहावा. आता सुमारे नऊ वॅटचा एलईडी दिवा जुन्या साठ वॅटच्या बल्बएवढा उजेड देतो, तेव्हा अभ्यासाच्या कोपऱ्यात वेगळा दिवा लावणे पूर्वीइतके महाग राहिलेले नाही.

हवेला आत यायला एक वाट आणि बाहेर जायला दुसरी वाट लागते. तापलेली हवा वर जाते, म्हणून जुन्या घरांत छताजवळ झरोके ठेवत. ते झरोके पुठ्ठ्याने बंद करून मग पंखा लावणारी पुष्कळ घरे मी पाहिली आहेत. खिडकीपुढे कपाटही ठेवू नका. आणि कोकणात किंवा मुंबईत राहत असाल तर ओल येणाऱ्या भिंतीपासून लाकडी सामान दोन-तीन बोटे दूर ठेवा. पावसाळ्यात ते फुगते.

रंगाबद्दल तुम्ही सर्वांत आधी विचारले असते, मी तो मुद्दाम शेवटी ठेवला आहे. फिका रंग उजेड परत फेकतो, गडद रंग तो पिऊन टाकतो. छत पांढरे असेल तर खोली उजळ वाटते. डब्यावरचा रंग पाहून ठरवू नका. भिंतीवर हातभर जागेत लावा आणि सकाळी, दुपारी, रात्री दिव्याखाली पाहा. घरात लग्न निघाले की चारही भिंती गडद गुलाबी करायची आपल्याकडे फार हौस असते. लग्न दोन दिवसांचे असते, भिंत पुढची पाच वर्षे तशीच राहते!

ज्यांना या विषयात पुढे जायचे आहे, त्यांनी चित्रकलेच्या एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट परीक्षा जरूर द्याव्यात. महाराष्ट्राचे कला संचालनालय त्या घेते. भूमितीकडे दुर्लक्ष करू नये. मुंबईच्या सर ज. जी. कला महाविद्यालयाची स्थापना १८५७ मधली. चित्र-शिल्पाबरोबर तिथे अंतर्गत सजावटीचेही शिक्षण दिले जात आले आहे. पण महाविद्यालयात जाईपर्यंत थांबायचे कारण नाही. मोहल्ल्यातील एखाद्या सुतारचाचांकडे सुटीत चार दिवस बसा. लाकूड कुठल्या बाजूने चिरते, स्क्रू कुठे धरतो आणि कुठे सुटतो, हे त्यांच्याइतके चांगले कोणी सांगणार नाही. आणि मुलींनो, तुम्हीही बसा. टेप धरायला कोणी अडवत नाही.

त्या नववीच्या वर्गाला मी घरून खोलीचा नकाशा काढून आणायला सांगितले. शेवटच्या बाकावरच्या मुलाने तो चार दिवस उशिरा आणला. चौकटी चुकल्या होत्या, कारण त्याने मोजपट्टीऐवजी स्वतःची वीत वापरली होती. पण खिडकीखाली त्याने एक चौकोन काढला होता आणि त्यात उर्दूत लिहिले होते, 'संदूक'. दादीच्या लग्नातली लोखंडी पेटी, तीन वीत लांब, दोन वीत रुंद, दोन वीत उंच. इतकी वर्षे ती खाटेमागे अंधारात पडून होती. त्याने ती खिडकीखाली ओढली, वर चादर घातली आणि तिच्यापुढे उभ्या ठेवलेल्या पिंपाच्या झाकणावर बसायचे ठरवले. मी विचारले, "झाकणावर बसून उंची जमते का?" तो म्हणाला, "नाही टीचर, दोन वीत कमी पडते. आता जमिनीवर बसतो." मी म्हटले, "मग आणखी एक वीत लावून पाहा." दुसऱ्या दिवशी त्याने पेटीखालच्या विटा काढून टाकल्याचे सांगितले, आता बरोबर जमते आहे.

त्याच संध्याकाळी मीही घरी गेले आणि पेचकस घेऊन कपाटाचे उजवे दार काढले. त्या जागी पडदा लावला. सव्वादोन मीटर कापड लागले. अम्मी बराच वेळ पडदा सरकवून पाहत होती. मग म्हणाली, "आता ओट्याचे माप कधी घेतेस?"